परसातील पक्षी : दाणा, पाणी आणि निरीक्षण
(स्मृतिव्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो. व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलली आहेत. मी हिशेबनीस. जन्मभर जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर सावलीच्या वडिलोपार्जित घरी जाऊन राहिलो. पक्षिशास्त्राचे शिक्षण मला नाही. परंतु निमंत्रण देण्यास आलेल्या मंडळींनी सांगितले, की गुरुजींनी लावलेल्या एखाद्या सवयीविषयी बोला. तशी एक सवय माझ्यापाशी आहे, म्हणून आपल्यापुढे उभा राहिलो आहे.

सावली हे गाव येथून काही फार दूर नाही. गुजराती माणसाला ते केवळ एक विशेषनाम. मराठी कानाला मात्र त्यात झाडाखालचा गारवा ऐकू येतो. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार सावलीत झाले. त्या काळापासून या मुलुखात मराठी पावलांची ये-जा आहे. आमचे घराणे त्याच ओघात केव्हातरी येऊन तेथे रुजले. घर जुने, पुढे ओटा, मागे परस. परसात कडुनिंब, शेवगा, पेरू, लिंबू, कुंपणाला मेंदी आणि विहिरीजवळ जास्वंद. शिक्षणासाठी मी बडोद्यास मामांकडे राहिलो आणि या शाळेत आलो.

गुरुजी आम्हांला मराठी शिकवीत. पण शनिवारचा शेवटचा तास त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. त्या तासाला पुस्तक नसे. ते एकेकाला उभे करून विचारीत, ''या आठवड्यात काय पाहिलेस?'' एकदा मी म्हणालो, ''पक्षी पाहिले.'' ''कोणते?'' ''साळुंकी आणि चिमणी.'' ''जमिनीवर कशा चालत होत्या?'' मला सांगता येईना. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ''पुढच्या शनिवारी सांग,'' एवढेच म्हणाले. त्या आठवड्यात मामांच्या अंगणात बसून मी पाहिले, की साळुंकी एकामागून एक पाऊल टाकीत ऐटीत चालते, आणि चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. हे दृश्य जन्मापासून माझ्या डोळ्यांपुढे होते. पण मी ते पाहिले नव्हते. पुढच्या शनिवारी उत्तर दिले तेव्हा गुरुजींनी मला शंभर पानी वही दिली आणि सांगितले, ''यात लिहीत जा. जे पाहशील तेवढेच लिही. वाटले ते लिहू नकोस.'' ती माझी पहिली पक्ष्यांची वही.

आपल्याकडे पक्ष्यांना दाणा घालण्याची परंपरा फार जुनी आहे. गुजरातेत तर गावोगाव चबुतरा दिसतो. कोठे लाकडी कोरीवकामाचा, कोठे दगडी, कोठे साध्या खांबावर छत्री बसवलेला. काही भागांत त्यालाच परबडी म्हणतात. तेथे रोज सकाळी ज्वारी-बाजरीची चण पडते आणि ती घालणाऱ्याला पुण्य लागते, अशी श्रद्धा आहे. आमच्या मराठी घरांतही निराळ्या रूपात तेच चालत आले आहे. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात. त्याला गुजराती शेजारी कागवास म्हणतात. लहान मुलाला भरवताना एक घास काऊचा, एक घास चिऊचा असतो. नावे तेवढी बदलतात. आमच्या गल्लीत साळुंकीची काबर होते, चिमणीची चकली, होल्याचा होलो, दयाळाचा दैयड, सुगरणीची सुघरी. मी दोन्ही नावांनी त्यांना ओळखतो आणि माझ्या वहीत दोन्ही नावे लिहितो.

माझ्या मातोश्री रोज सकाळी परसात मूठभर बाजरी आणि तांदळाची कणी टाकीत व तुळशीजवळच्या मातीच्या परळात पाणी भरीत. मूठभर म्हणजे मूठभरच. त्या वेळच्या वहीतील नोंदी आज वाचल्या म्हणजे परस डोळ्यांपुढे उभा राहतो. चिमण्यांचा थवा, होल्यांची जोडी, साळुंक्या, सातभाईंची भांडखोर टोळी, पेरूवर पोपट, शेवग्याच्या फुलांवर शिंजीर, मेंदीत शिंपी, चैत्रात कडुनिंबाच्या शेंड्यावर गाणारा दयाळ, आणि कधी तरी कुंपणाखालून गंभीरपणे चालत जाणारा भारद्वाज.

मातोश्री गेल्या. शेवटच्या आजारात त्यांनी मला सांगितले होते, ''चण बंद करू नकोस.'' मी शब्द दिला. निवृत्त होऊन घरी आल्यावर मी तो शब्द मोठ्या उत्साहाने पाळू लागलो. परसात मांजरांचा त्रास म्हणून दाणा गच्चीवर घालू लागलो, आणि मुठीची जागा शेराने घेतली. रोज सकाळी एक किलो ज्वारी. पंखांचा फडफडाट होई, गच्ची निळसर राखी रंगाने भरून जाई. मला धन्य वाटे. शेजारीपाजारी कौतुक करीत. कोणी सणावारी धान्याची पिशवीही आणून देई.

आता जे सांगणार आहे ते माझ्या पत्नीच्या अनुमतीने सांगतो. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. गच्ची झाडण्याचे काम तिच्याकडे होते. एका हिवाळ्यात तिला कोरडा खोकला सुरू झाला. ऋतू बदलल्यामुळे असेल, धुळीमुळे असेल, असे म्हणून आम्ही तो अंगावर काढला. दुसऱ्या हिवाळ्यात तिला जिना चढताना धाप लागू लागली. अखेर बडोद्यात फुप्फुसांच्या एका तज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी छातीची चित्रे पाहिली आणि विचारले, ''घराजवळ पारवे आहेत का?'' मी अभिमानाने म्हणालो, ''रोज किलोभर ज्वारी घालतो.'' ते काही क्षण बोललेच नाहीत.

पारव्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा यांतील प्रथिने श्वासावाटे दीर्घकाळ आत गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. वेळीच संपर्क तुटला तर ती उतरते; न तुटल्यास फुप्फुसांवर कायमचे व्रण राहतात, आणि ते भरून येत नाहीत. प्रत्येकालाच हा विकार होतो असे नाही. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. माझ्या पत्नीचा खोकला गेला. धाप पूर्णपणे गेली नाही. आजही जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबते, आणि मी खालून पाहत असतो.

त्याच दिवशी चण बंद केली. ते सोपे गेले असे मी म्हणणार नाही. पारवे पंधरा दिवस कठड्यावर येऊन बसत आणि माझ्या दाराकडे पाहत. शेजारी म्हणाले, ''पुण्याचे काम असे मध्येच सोडतात का?'' आणि रात्री मातोश्रींना दिलेला शब्द आठवे. २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत केवढे वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसे गेले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. त्या वादातील दोन्ही बाजू मला आतून समजतात. कारण त्या दोन्ही माझ्या घरात एकाच छपराखाली होत्या.

त्या दिवसांत मी जुन्या वह्या काढल्या. हिशेबनीसाचा स्वभाव, खाते जुळले नाही की मागची पाने चाळायची. पाहतो तो काय, गच्चीवर चण घालू लागल्यापासून वहीत जवळजवळ नोंदच नाही. असलीच तर 'पारवे आले' एवढी. चिमणीची शेवटची नोंद कधीची, ते शोधावे लागले. ती परसातून केव्हा गेली हे मला कळलेदेखील नव्हते. मी दाणा टाकीत होतो, पण पाहणे सोडून दिले होते. गुरुजींनी विचारले असते, ''या आठवड्यात काय पाहिलेस?'' तर मला पुन्हा खाली मान घालून उभे राहावे लागले असते.

मग वाचन सुरू केले, आणि एक साधी गोष्ट समजली. ती आज आपल्यापुढे मुद्दाम ठेवतो, कारण दाणा घालणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. पारवा आपल्या पिलांना पहिले काही दिवस अन्नपिशवीच्या आतल्या अस्तरातून स्रवणारा दुधासारखा पदार्थ भरवतो. नर आणि मादी दोघेही तो भरवतात. म्हणजे मोठ्या पक्ष्याला धान्य मिळाले की पिलांची सोय झाली. वर्षभर धान्य मिळाले तर वर्षभर विणीचे हंगाम होत राहतात. चिमणीचे तसे नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण तिच्या कोवळ्या पिलांना अळ्या आणि मऊ किडे लागतात. शिंपी, दयाळ, बुलबुल, शिंजीर या सर्वांची पिले अशीच किड्यांवर वाढतात. फुलांतील मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलासाठी कोळी आणि किडे शोधीत हिंडतो. तेव्हा आपण पोतेभर ज्वारी ओतली तरी तिच्यातून चिमणीचे एकही पिलू वाढत नाही. वाढतात ते पारवे, आणि तेच मग जागा व्यापतात.

'भारतातील पक्ष्यांची स्थिती' या नावाने २०२० आणि २०२३ साली अहवाल निघाले. देशभरच्या हजारो हौशी निरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर ते आधारलेले आहेत. पारवा आणि मोर वाढत आहेत, असे त्यांत दिसते. पुष्कळ इतर पक्षी मात्र घटत आहेत. चिमणीविषयी २०२० चा अहवाल सांगतो, की देशात एकंदरीने तिची संख्या स्थिर आहे. परंतु मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा महानगरांत ती कमी झाली आहे. ज्यांच्या वह्यांतून हे कळले, त्यांतील बहुतेक आपल्यासारखी साधी माणसे होती, हे मला फार मोलाचे वाटते.

पाहण्याने काय होते याची साक्ष आपल्या भागातच आहे. डॉ. सलीम अली लहान असताना त्यांच्या हातून एक चिमणी मारली गेली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्या मुलाच्या ध्यानात आले आणि तो ती घेऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. पक्षी ओळखून दिला आणि संग्रहातील पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. एका मुलाच्या प्रश्नाला एका वडीलधाऱ्याने वेळ दिला, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. पुढे १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन ते तपासतात, पसंत पडले तर मादी तेथे राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी पाहून नोंदवले. घरटे मादी विणते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आपण या पक्ष्याचे नावच स्त्रीलिंगी ठेवले आहे! विणकर मात्र नर. मराठी वाचकांना ही दृष्टी दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. १८ जून २०२५ रोजी ते गेले. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर या त्यांच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबर या सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह पाळतात. आपण महाराष्ट्राबाहेर असलो तरी तो पाळायला आपल्याला कोणाची आडकाठी आहे?

आणखी एक उदाहरण. महीच्या काठी एके काळी गिधाडे सहज दिसत. १९९० च्या दशकात ती देशभर झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण सापडले ते २००४ साली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. येथे कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. गाईचे दुखणे कमी व्हावे म्हणूनच तिला औषध दिले जात होते. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचे पुढे काय होते, हेही पाहावे लागते. माझ्या गच्चीवर मी हेच विसरलो होतो.

आता आम्ही परसात काय केले ते सांगतो. पहिली गोष्ट, लिंबावर औषध फवारणे बंद केले. लिंबाच्या पानांवर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि पुढे हिरव्या होणाऱ्या अळ्या पडतात. मी त्या शत्रू समजत असे. त्यांतील काहींची फुलपाखरे होतात आणि काही शिंप्याच्या पिलांच्या पोटात जातात. लिंबे थोडी कमी येतात. पण बाजारात लिंबू मिळते, शिंपी मिळत नाही. दुसरी गोष्ट, परसाचा एक कोपरा झाडायचा नाही असे ठरवले. पालापाचोळा तसाच पडू दिला. त्यात किडे झाले, आणि किड्यांमागून सातभाई आले. तिसरी गोष्ट, ओट्याच्या आढ्याखाली लाकडी चकलीघर टांगले. जुन्या घरांत कौलांखाली आणि तसबिरींच्या मागे चिमणीला जागा होती. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत ती राहिलेली नाही.

पाणी मात्र आम्ही वाढवले. वैशाखात आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. अशा वेळी दाण्यापेक्षा पाण्याची गरज अधिक असते, आणि दाणा न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात. मातीचे कुंडे पसरट असावे, पाणी दोन बोटांहून खोल नसावे, मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतात. ते सावलीत ठेवावे, परंतु दाट झुडपाला अगदी लागून नको. तेथे मांजर दबा धरून बसते. पाणी रोज ओतून द्यावे आणि कुंडे काथ्याने घासावे, नाहीतर त्यात डास होतात आणि एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला जातो. इंग्लंडात २००५ नंतर बागेतील दाणापाण्याच्या भांड्यांवरून पसरलेल्या रोगाने ग्रीनफिंच नावाचे पक्षी फार मोठ्या संख्येने मेले. स्वच्छता नसेल तर न देणे बरे.

दाणा आम्ही पूर्ण सोडला नाही. मातोश्रींची मूठ परत आणली. बाजरी आणि राळा, तोही थोडा, परसात, अर्ध्या तासात संपेल एवढाच. रोज जागा थोडी बदलायची, उरलेले उचलायचे. पारवे येतात, पण मुठीवर त्यांचा संसार चालत नाही, म्हणून ते रेंगाळत नाहीत. गाठिये, शेव, पाव, खारे शेंगदाणे मात्र कधीही घालू नयेत. नदीकाठी कुरव पक्ष्यांना गाठिये टाकणारे लोक मी पाहतो. मीठ आणि तेल यांनी भरलेले ते अन्न त्यांच्यासाठी नाही.

आणखी एक विनंती. उत्तरायणाचा सण आपल्या सर्वांच्या आवडीचा आहे. परंतु त्या दिवशी आकाशात मांजा असतो आणि त्याच आकाशातून पक्षी पहाटे बाहेर पडतात व संध्याकाळी परततात. गुजरातेत २०१७ पासून जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालते, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर बंदी घातली. आपण निदान पहाटे आणि संध्याकाळी पतंग खाली उतरवावा, आणि झाडांना गुंतलेला दोर दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच काळात डभोईजवळ वढवाणा येथे शेतीसाठी तलाव बांधला गेला. आज दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब हंस तेथे उतरतात, आणि २०२१ साली त्या तलावाला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शेताला पाणी मिळावे म्हणून केलेले काम शंभर वर्षांनी हंसांच्याही उपयोगी पडते आहे. अशी चांगली कामेही घडतात, हे विसरू नये.

शाळेकडे माझे मागणे लहान आहे. दर फेब्रुवारीत जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते. २०१३ पासून भारतही तिच्यात सामील आहे. पंधरा मिनिटे एका जागी बसायचे आणि दिसतील ते पक्षी मोजून लिहायचे, एवढेच तिचे काम. शाळेच्या आवारातील कडुनिंबाखाली आमच्या मुलांना दर वर्षी ती पंधरा मिनिटे द्यावीत. वह्यांचा खर्च मी आणि माझ्या वर्गातील काही मित्रांनी उचलायचे ठरवले आहे. शंभर पानीच वह्या आणू.

शेवटी एक नोंद वाचून दाखवतो. ही गेल्या श्रावणातील आहे. 'सकाळी सात. ओट्यावरच्या चकलीघरात चिमणीची जोडी. मादीच्या चोचीत हिरवी अळी, बहुधा लिंबावरची. आत पिलांचा आवाज. किती आहेत ते दिसले नाही.' पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, ''तीन असतील.'' मी वहीत तीन लिहिले नाहीत. गुरुजींनी सांगितले होते, जे पाहशील तेवढेच लिही.

 गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून माझे भाषण संपवतो.